फत्तेसिंहरावांनी आनंदाने हरलेली पैज

आमच्या कारखान्याची पहिल्या पाळीची बस सकाळी सहाला तरसालीहून सुटते. मकरपुरा, सयाजीगंज करत शहराच्या पार उत्तर टोकाला पोचायला तिला पन्नास मिनिटं लागतात. मी स्टोअर्समध्ये आहे. नऊ वर्षं याच बसने जाते. इतक्या सकाळी कुणाला बोलायची इच्छा नसते. कुणी डुलकी काढतं, कुणी कानात इअरफोन घालून बसतं. आवाज असायचा तो फक्त पुढच्या सीटवरून. तिथे फत्तेसिंहराव मोहिते आणि वैद्यसाहेब भांडत असायचे.

फत्तेसिंहराव फिटर. आयटीआय झालेले, दणकट, आणि आवाज असा की पंपाच्या घरघरीतही ऐकू यावा. वाचनाचं वेड त्यांना कुठून लागलं कोण जाणे, पण डब्याच्या पिशवीत पुस्तक नाही असा त्यांचा एक दिवस गेला नाही. बाळकृष्ण वैद्य लॅबमध्ये केमिस्ट. त्यांचे पणजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात होते. घरात चार कपाटं भरून पुस्तकं, आणि बोलणं अगदी मोजूनमापून. दोघांच्या भांडणाचा विषय वर्षानुवर्षं एकच: जगातलं सगळ्यांत थोर पुस्तक कोणतं, आणि ते ठरवायचं कसं?

"काळ ठरवतो," वैद्य म्हणायचे. "शंभर वर्षं टिकलं की थोर."

"शंभर वर्षं कपाटात टिकलं असेल हो! कोण वाचतंय? अनोळखी माणसाला वाचून दाखवा. त्यानं 'पुढे काय झालं?' विचारलं, तर ते थोर."

एका सोमवारी वैद्य चिडलेच. "मग दाखवा ना वाचून! ही बस आहे, ही माणसं आहेत. एक पुस्तक तुमचं, एक माझं. होऊन जाऊ दे."

फत्तेसिंहराव उभेच राहिले. "ठरलं! उद्यापासून!"

बसमध्ये चाळीस माणसं. त्यातली मराठी असतील दहाबारा, बाकी गुजराती. म्हणून फत्तेसिंहरावांनी मराठी पुस्तक हातात धरून तोंडाने सरळ गुजरातीत सांगायचं ठरवलं. त्यांनी आणलेली कादंबरी नव्वद पानांची होती, मुखपृष्ठ गेलेली. बायको वारल्यावर एक माणूस तिचं कपाट आवरायला बसतो, एवढीच गोष्ट. ती त्यांनी सोळा वेळा वाचली होती. पहिल्या दिवशी ते पानातून मान वर न काढता सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी मागची सीट घोरायला लागली. चौथ्या दिवशी पादरा गावाहून येणारे आमचे ड्रायव्हर रणछोडभाई आरशात बघत अगदी प्रेमाने म्हणाले, "मोहितेभाई, आ माणस कबाट क्यारे बंद करशे?" हा माणूस कपाट बंद कधी करणार?

सगळी बस हसली. फत्तेसिंहरावही हसले, पण त्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी जेवण अर्धं टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, "मनाली, माझ्याच कसोटीवर माझं पुस्तक पडलं गं."

पुढच्या सोमवारी वैद्यांचं पुस्तक आलं. साडेसहाशे पानं, शंभर वर्षांपूर्वीची भाषा, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. आपण निरपराध माणसाला फाशी दिली हे निवृत्तीनंतर कळलेला एक न्यायाधीश त्या फाशी गेलेल्या माणसाच्या मुलीला शोधायला निघतो. फत्तेसिंहरावांनी पुस्तक असं उचललं, जणू दुसऱ्याचं ओझं उचलतायत. पण तिसऱ्या दिवशी न्यायाधीश त्या मुलीच्याच दारात उभा राहून पाणी मागतो, तिथे ते आले आणि त्यांचा आवाज बदलला. सीट सोडून ते दांड्याला धरून उभे राहिले. न्यायाधीशाचा खोल आवाज, मुलीचा तुटक आवाज, सगळं एकट्याने. पोरींनी कानातले इअरफोन काढले. घोरणारे पुढे सरकून बसले.

"एणे ओळख्यो?" मागून कुणीतरी ओरडलं. मुलीनं त्याला ओळखलं का?

"थांबा! सांगतो!"

नवव्या दिवशी तर कमालच झाली. न्यायाधीश खरं बोलायला तोंड उघडतो, एवढ्यात मी खिडकीतून पाहिलं, तर आमच्या कारखान्याचं गेट मागे पळत होतं. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रणछोडभाईंच्याही नाही! दोन किलोमीटर पुढे जाऊन बस वळवली. आम्ही चाळीसच्या चाळीस माणसं उशिरा पोचलो. टाइम ऑफिससमोर फत्तेसिंहराव छाती काढून उभे राहिले. "साहेब, चूक माझी. मी वाचत होतो."

 तिथल्या साहेबांनी नियम काढला: गेटच्या अलीकडचं छाणी आलं की वाचन बंद.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये फत्तेसिंहरावांनी वैद्यांचा हात दोन्ही हातांत धरला. चेहरा नुसता फुलला होता. "हरलो, वैद्यसाहेब! काय पुस्तक आहे हो! शंभर वर्षांपूर्वीचा माणूस आणि आमच्या बसचं गेट चुकवलं त्यानं!"

 वैद्यांनी मात्र बॅगेतून ती नव्वद पानांची, मुखपृष्ठ नसलेली कादंबरी काढली. फत्तेसिंहरावांनी सीटवर टाकून दिली होती, ती वैद्यांनी घरी नेली होती. त्यांची पत्नी, नलिनीवहिनी, जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

"मी काल तिचं कपाट उघडलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा. हे वाचलं म्हणून उघडता आलं. फत्तेसिंहराव, चाळीस माणसांत हे पुस्तक चालणार नाही. ते एकट्यानेच वाचायचं आहे. माझं मत विचाराल तर हेच थोर."

"छे छे! न्यायाधीशच थोर!"

"अहो, पण तुमचंच पुस्तक आहे ना हे?"

"असेल! आज मी ते नाही मानत!"

आणि बाजू बदलून दोघं पुन्हा कडाकडा भांडायला लागले. या वेळी मात्र ते दोघंच नव्हते. मागच्या सीटवरचा कुणाल म्हणाला, पुस्तक वाचून माणूस काही करतो का ते बघा. लॅबमधली प्राची म्हणाली, पुन्हा वाचावंसं वाटलं पाहिजे. रणछोडभाई म्हणाले, मला वाचता येतं जेमतेम, पण ऐकताना गाडी चालवायची विसरलो हे लिहून ठेवा. मीही ओरडून काहीतरी बोलले. काय ते आता आठवत नाही. घसा बसला एवढं आठवतं.

न्यायाधीशाची गोष्ट संपायला पावणेदोन महिने लागले. ती संपली त्याच्या पुढच्या सोमवारी मी बसमध्ये चढले, तर फत्तेसिंहराव सीटवर नव्हते. मधल्या वाटेत उकिडवे बसले होते, आणि त्यांच्यासमोर माणसांनी घरून आणलेली अकरा पुस्तकं पसरली होती. मराठी, गुजराती, हिंदी. एक तर स्वयंपाकाचं. ते एकेक उचलून उघडत होते आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचत होते.

"बस सुटायच्या आत ठरवा रे," ते म्हणाले, "आधी कोणतं?"