पराते बाईंचा अख्खा शर्ट

पराते बाईंनी पहिल्याच भेटीत माझं नाव विचारण्याआधी माझी कॉलर उलटी करून पाहिली. आमच्या आयटीआयमध्ये मी वायरमन ट्रेड शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. बाई शिवणकामाच्या जुन्या शिक्षिका. "शिवण बरी हाये," त्या म्हणाल्या, "पण आतून कोण पाह्यते म्हणून शिंप्यानं धागा तसाच सोडला." पुढं दिवसभर मी मान आखडून बसलो. प्राचार्यांचा कोटही त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता, हे मला नंतर कळलं.

बाई उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. "माह्या बापानं कधी अर्धं लुगडं नाही विणलं," असं त्या ठणकावून सांगत. त्यांच्या वर्गात प्रत्येक मुलगी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या काजापर्यंत अख्खा शर्ट एकटीनं शिवायची. मग इंटर्नशिप आली आणि मुली बुटीबोरीला कपड्यांच्या एका कंपनीत जाऊ लागल्या. तिथं लाइनमध्ये बसून प्रत्येकानं एकच भाग शिवायचा आणि पुढं सरकवायचा. थोड्याच दिवसांत हुडकेश्वरची प्रणाली रडत परतली. "बाई, दिवसभर नुसत्या कॉलरीच! अन् हात हळू चालते म्हणून बोलणे खाऊन राहिलो आम्ही." पाठोपाठ मॅनेजरचा निरोप आला, की मुलींचा वेग वाढला नाही तर दिवाळीनंतर त्यांना परत पाठवू आणि पुढची तुकडी घेणार नाही. दुसरी कुठलीच कंपनी आमच्या मुलींना दारात उभं करत नव्हती. मुलींवर नोकऱ्यांवरच पाणी सोडायची वेळ आली.

मला वाटलं, बाई आता भांडायला जाणार. त्या रजा टाकून गेल्या, पण मुलींच्या शेजारी बसून कफ शिवायला. संध्याकाळी हसतच परतल्या. "नापास झाली गा मी! माह्या पोरीच्या वयाची सुपरवायझर मले म्हणते, मौसी, हाथ चलाओ जरा."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वर्गातली यंत्रं एका ओळीत लावली. शनिवारी मुली संस्थेत आल्या, की एकच भाग भराभर शिवायचा सराव. तरी अख्खा शर्ट काही त्यांनी सोडला नाही. मुलींना आलटून पालटून वेगवेगळं काम द्या, असं त्यांनी मॅनेजरला फोनवर सुचवून पाहिलं. तो म्हणाला, त्यानं लाइन बिघडते. "काहून बिघडते?" बाईंनी विचारलं, पण त्यानं फोन ठेवून दिला.

दिवाळी झाली आणि छठपूजेला बिहारचे कारागीर गावी गेले. लाइनमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि माल तर वेळेवर पाठवायचा. आता मॅनेजरचाच फोन आला, "मॅडम, तुमच्या मुलींना बाह्या येतात का?"

"बाह्या येते, खिसे येते, काजं येते. तुमाले काय पायजे ते सांगा."

ज्या खुर्चीवर माणूस नाही तिथं आमची मुलगी बसली. शनिवारच्या सरावानं हात चालत होते, त्यामुळं लाइन थांबली नाही. छठ संपल्यावरही मॅनेजरनं मुलींना परत पाठवलं नाही. पुढं त्या तिथंच नोकरीला लागल्या आणि पुढची तुकडी त्यांच्या जागी शिकायला गेली. त्या आठवड्यात बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली, आणि आम्हीही ती आमच्याच पराक्रमाची असल्यासारखी खाल्ली.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी प्रणाली आली होती. पहिल्या पगारात तिनं वडिलांना आपल्याच कंपनीचा शर्ट घेतला होता. "बाबा विचारत होते बाई, यातलं तू काय शिवलं? मी म्हटलं, मालूम नाही. जी खुर्ची रिकामी, तिथं बसवते मले. काही बी असू शकते."

बाईंनी तिला जवळ ओढलं. "मंग बापाले सांग वं," त्या म्हणाल्या, "अख्खाच तुहा हाये."