सिद्धलिंगप्पांनी निवडलेली गाडी

सिद्धलिंगप्पा मिस्त्रींना धड दिसेनासं होऊन तीन वर्षं झाली, पण जुळे सोलापुरात राहणाऱ्या सख्ख्या मुलीलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. दिसत नाही म्हटल्यावर दुरुस्तीला गाडी कोण हातात देणार? म्हातारा मोठा बिलंदर. पाने-पक्कडी ठरल्या जागी ठेवायचा आणि गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायचा.

चिंचोळी एमआयडीसीत कारखाना असलेल्या मानसिंगरावांना कोइमतूरला जुन्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतीत उतरायचं होतं. दोन गाड्या मनात भरल्या होत्या. एक लालभडक, चकचकीत. दुसरी दुधनीच्या एका गोदामात वर्षानुवर्षं गंजत पडलेली. "अप्पा, तुमीच निवडा," ते म्हणाले. उभा जन्म जीप आणि टेम्पोखाली काढलेल्या माणसाला असं कुणी विचारलं नव्हतं. अप्पांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यांनी लाल गाडीचा पत्रा बोटांनी वाजवला. आवाज बद्द आला. "रंगाखाली नुसती पुट्टी हाय की." गंजकीचं इंजिन तीन दिवस खपून सुरू केलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

"हीच घ्या. लई खरी हाय."

शर्यतीआधी खंडेनवमी आली. त्या दिवशी गॅरेजातलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक गाडी घासून, रंगवून पुजायची रीत. अप्पांनी हौसेनं ग्राइंडर चालवून सांगाड्यावरचा गंज उतरवला, काळा रंग दिला, विभूतीची तीन बोटं ओढली. त्या गंजात कंपनीनं ठोकलेला चासी नंबर होता. तोही गेला.

कोइमतूरला तपासणाऱ्यांनी पहिल्यांदा नंबरच मागितला. नंबर नाही तर गाडी अस्सल कशावरून? ट्रकवर चढून गेलेली गाडी ट्रकवरच परत आली.

मानसिंगरावांनी ती जागा दाखवली, तेव्हा अप्पांनी वाकून हात फिरवला. कुठे एक ओरखडा लागत नव्हता. आपल्याच हातांचा त्यांना इतका राग कधी आला नव्हता.

"एवढे मोठे आकडे, अप्पा..." मानसिंगराव बोलता बोलता थांबले. त्यांनी अप्पांच्या तोंडापुढे हात हलवला. अप्पांची पापणी लवली नाही.

"कधीपासनं?"

"तीन वर्सं झाली."

"मग सांगायचं की वो!"

"सांगितलं असतं," अप्पा म्हणाले, "तर गाडी निवडाया मला बोलावलं असतं का?"

मानसिंगरावांना खोटं बोलता आलं नाही.