माझे पहिले तीन अल्बम

तिच्या अंगाला ते काळा रंग लावत होते.

तापीच्या काठावर, प्रकाशा गावाच्या पुलापासून थोडं खाली. सकाळचं ऊन. सुरतेहून आणलेली गोरी मुलगी खुर्चीत बसलेली. मेकअपवाला स्पंजने तिच्या हातांना, मानेला, पोटऱ्यांना काळपट तपकिरी रंग चोपडत होता. मधूनच तो मान वळवून माझ्याकडे बघायचा, पुन्हा तिच्याकडे बघायचा. हा माणूस सारखा माझ्याकडे का बघतोय, ते मला आधी कळलं नाही. मग कळलं. तो माझ्या रंगाशी तिचा रंग जुळवत होता.

मी चार पावलांवर उभी होते. माझा रंग आयता होता.

"आदिवासी वाटली पाहिजे," डायरेक्टर म्हणाला. "पण फार नको."

मग तो माझ्याकडे आला. माझ्या गळ्यात आईची चांदी होती. शूटिंगला जायचं म्हणून आईने पेटीतून काढून दिली होती. हार, हातातलं कडं, कमरेचा कंदोरा. आईला वाटलं मी दिसणार. मलाही तसंच वाटलं होतं.

"ते काढ आणि तिला घाल."

मी काढलं. हाराची कडी कुणाला लावता येईना, म्हणून मीच तिच्या मानेमागे उभी राहून लावून दिली. तिची मान घामाने आणि रंगाने ओली होती. रंग चांदीला लागला. नंतर मोठ्या स्पीकरवर माझा आवाज सुरू झाला आणि ती माझ्या आवाजावर ओठ हलवत वाळूतून नाचत आली. तिचा रंग घामाने ओघळू नये म्हणून दोन शॉटच्या मध्ये तिच्यावर छत्री धरायची होती. छत्री माझ्या हातात दिली.

मी धरली. दिवसभर धरली. हे मी लपवत नाही. 

तो माझा दुसरा अल्बम.

आमच्याकडे एका गाण्याचा व्हिडिओ असला तरी त्याला अल्बमच म्हणतात. पहिला अल्बम मी अठराची झाले तेव्हा आला. आमचा पाडा मोलगीच्या वर, डोंगरात. आम्ही भिल. घरात आमची बोली, बाजारात अहिराणी, आणि आता मी लिहितेय ती मराठी आश्रमशाळेतली. शाळेत मी गायचे. प्रार्थना, स्वागतगीत, पाहुणे आले की गीत. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि माझ्याकडे न बघता सरांना म्हणायचे, छान बसवलंय.

माझं स्वतःचं गाणं एकच होतं. ते माझ्या मोठ्या बहिणीचं. ती टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली आणि तिथेच तापाने गेली. आम्हाला निरोप उशिरा आला. बाजाराच्या दिवशी जीप घाट चढून आली, सगळे उतरले, तिचं गाठोडं उतरलं. ती उतरली नाही. मी जीपच्या मागे उभी होते. ड्रायव्हर गाडी वळवायला लागला तर मी त्याला म्हणत होते, थांब, अजून एक जण आहे. पुढे कधीतरी, सरपण गोळा करताना, ते गाणं होऊन तोंडातून आलं.

मोलगीच्या बाजारात एका साऊंडवाल्याने ते ऐकलं आणि मला नंदुरबारला, गाण्यांचे अल्बम काढणाऱ्या एका शेठकडे नेलं. शेठचा स्टुडिओ स्टेशनपासून लांब नव्हता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. शेठने डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं. मला फार बरं वाटलं. तोपर्यंत कुणी डोळे मिटून मला ऐकलं नव्हतं.

मग त्याने गाण्याची अहिराणी करायला लावली. डोंगराची बोली खाली कोण ऐकणार, असं त्याचं म्हणणं. मी केली. "जीपवाला, थांब ना, मन्ही बहीन उनी नही." माझी बहीण आली नाही. चाल माझीच ठेवली, पण तिच्याखाली ढोल आणि बँजो घालून ती दुप्पट पळवली. रडायचं गाणं नाचायचं झालं. मला ते खटकलं. पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज एवढा मोठा ऐकला आणि खटकलेलं विसरले.

एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता. नावाचं काय, असं मी विचारलं. शेठ म्हणाला, तुझं नाव गाण्यावर बसत नाही. गाण्यावर 'रिया' लागलं. मोबाईलवर गाणं आलं तेव्हा चित्रात डोंगर होता, जीप होती आणि कुठल्या तरी सिनेमातल्यासारख्या बाईचा अर्धा चेहरा होता.

माझं खरं नाव मी इथेही लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही मोबाईल उघडून शोधाल आणि तुम्हाला काहीच सापडणार नाही.

गाणं चाललं. त्या वर्षी लग्नाची एक वरात अशी नव्हती की जिच्यात ते वाजलं नाही. आईवडील तेव्हा गुजरातेत ऊस तोडत होते. तिथे ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाईलवर ते लागलं. आई कोयता टाकून ट्रॅक्टरजवळ गेली आणि म्हणाली, ही माझी पोरगी. ट्रॅक्टरवाल्याने तिला चित्रातली बाई दाखवली. आई परत येऊन ऊस तोडायला लागली. हे तिने मला खूप नंतर सांगितलं.

दुसऱ्या अल्बमचं वर सांगितलंच. शूटिंग संपल्यावर चांदी परत मिळाली, हाराची कडी तुटलेली. मी शेठला विचारलं, व्हिडिओत मी का नाही. शेठ चिडला नाही. तो कधीच चिडायचा नाही. बापाने लेकीला समजवावं तसं म्हणाला,

"आवाज तुन्हा शे, त्यामां काही वाद नही. तोंडनं आम्ही दखी लेसूत."

तोंडाचं आम्ही बघून घेऊ. मी घरी जाऊन आरशात बघितलं. त्या आधी मी माझ्या तोंडाकडे असं कधी बघितलं नव्हतं. नाक बघितलं, दात बघितले. आणि मला ते आवडेना. माझं तोंड मला चालायचं, ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून नेली, ती परत आलेली नाही.

तिसरा अल्बम आला तेव्हा शेठने नंदुरबारला एक हॉल घेतला. दुपारचा कार्यक्रम. पुढारी, व्यापारी, पत्रकार, सगळे बोलावलेले. मला वाटलं, आता तरी. मी आईला निरोप धाडला. आई पाड्यातल्या चार बायकांना घेऊन निघाली. मोलगीपर्यंत पायी, तिथून जीपने अक्कलकुव्याला, पुढे एसटीने. तिने नवं लुगडं नेसलं होतं.

हॉलमध्ये पोचल्यावर शेठने मला स्टेजच्या मागे नेलं.

"तू पडदाना मांगे उभी ऱ्हाय. माईक आठेच शे."

पुढे सुरतेची मुलगी, तिच्या हातात बंद माईक. मागे मी, माझ्या हातात चालू माईक. लोकांना खरं गाणं ऐकवायचं होतं, खरी गाणारी दाखवायची नव्हती. मी उभी राहिले. तेव्हाही उभी राहिले. सवय लागली होती.

दोन गाणी झाली. टाळ्या, शिट्ट्या. पडद्याला शिवण उसवलेली एक फट होती, तिच्यातून मला हॉल दिसत होता. तिसरं गाणं बहिणीचं. जुनं होतं, पण लोक तेच मागत होते. मी सुरू केलं. फटीतून बघते तर मागच्या दारातून आई आत येत होती. बायका तिच्या मागे.

आई थांबली. तिने स्टेजकडे बघितलं. गोरी मुलगी कंबर हलवत, डोळा मारत म्हणत होती, मन्ही बहीन उनी नही. म्हणत मी होते. आई खुर्च्यांच्या मधून पुढे आली आणि आमच्या बोलीत मोठ्याने बोलायला लागली. गाण्यात शब्द ऐकू येत नव्हते, पण मला माहीत आहे ती काय म्हणत होती. हा माझ्या पोरीचा आवाज आहे, माझी पोरगी कुठे आहे. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं. मग पुष्कळ हसले. दारावरच्या माणसाने आईचा दंड धरला आणि तिला मागे ओढलं. डोक्यावरचा पदर खाली पडला. तो सावरायलाही त्याने तिचा हात सोडला नाही.

मी गायचं थांबवलं.

ठरवून नाही. ओळ अर्धी होती. पुढचा शब्द माझ्यापाशी होता, पण मी तो दिला नाही. तोंड मिटलं.

स्टेजवर ती मुलगी ओठ हलवत राहिली. आवाज नाही. ढोल चालू, बँजो चालू आणि तिचं तोंड नुसतं उघडतंय, मिटतंय. तेवढ्या वेळात हॉलमधल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. मला वाटलं, कळलं. आयुष्यात मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग गाणं पुन्हा सुरू झालं. माझ्याच आवाजात.

शेठने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं होतं. मी पडद्यामागे तोंड मिटून उभी आणि माझा आवाज माझ्याशिवाय गातोय. स्वच्छ, न चुकता. त्या मुलीने लगेच ओठ जुळवून घेतले. लोकांना वाटलं, माईक बिघडला होता. पुन्हा टाळ्या.

मी पडदा बाजूला करून स्टेजवर गेले. हातातल्या माईकमध्ये बोलले, हे गाणं माझं आहे, माझ्या मेलेल्या बहिणीचं आहे. माईक बंद केलेला होता. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं, मी वायर उचलायला आलेली कामवाली. एकाने हाताने खूण केली, बाजूला हो, दिसत नाही. शेठ आला, माझ्या कोपराला धरून मला आत नेलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"तुले आठे कोन वळखस?"

मी म्हणाले, "जिला बाहेर काढलंत ना, ती ओळखते."

आई बाहेर पायरीवर बसली होती. चारही बायका तिच्याभोवती. आत गाणं चालूच होतं. आम्ही एसटी स्टँडवर गेलो.  अक्कलकुव्याहून जीपमध्ये बसल्यावर आईने एकच विचारलं, तुला त्यांनी जेवायला तरी दिलं होतं का.

पुढे मी आश्रमशाळेतल्या जुन्या बाईंकडून तो कागद वाचून घेतला. बाईंनी दोनदा वाचला. आवाज, चाल, शब्द, सगळं कायमचं शेठचं, असं त्यात होतं. मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. साहेब म्हणाले, आवाज तुझा कशावरून. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून गायले. फायली घेऊन चाललेली माणसं थांबली. गाणं संपल्यावर साहेब म्हणाले, "चांगलं म्हणतेस. अगदी तिच्यासारखं."

आता मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर काम करते. उघड्या मैदानात लाल मिरची वाळत घातलेली असते, आम्ही बायका ओळीने बसून देठ काढतो. तोंडाला फडकं बांधलं तरी तिखट आत जातं. खोकला लागतो तो थांबत नाही. वरचा सूर आता लागत नाही. बायका कामाला बसल्या की मोबाईलवर गाणी लावतात. माझं लागतं. सुरुवातीला एकदा मी सांगितलं, ही मीच. त्या हसल्या. वाईट मनाने नाही. माझा खोकला ऐकून कोण विश्वास ठेवणार?

शेठ एकदा पथारीवर आला. गाडीतून उतरला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला. त्याने चौथा अल्बम काढू म्हटलं. यावेळी खाली बारीक अक्षरात तुझंही नाव टाकतो, म्हणाला. मी देठ काढत राहिले. म्हणाले, नाव मोठं टाका, तोंड माझं दाखवा, आणि आईला पहिल्या खुर्चीत बसवा. त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परत पाठवायच्या मालाकडे बघावं तसं.

"ऱ्हाऊ दे मग. धडगावकडे एक पोर भेटनी शे. तुन्हापेक्षा बारीक आवाज."

मी त्या मुलीला शोधून काढलं. दोन जीपा बदलून, पुढे डोंगर चढून तिच्या पाड्यावर गेले. ती अंगणात ज्वारी पाखडत होती आणि गात होती. खरंच बारीक आवाज. मी तिला आणि तिच्या बापाला सगळं सांगितलं, कागदाची झेरॉक्स दाखवली, एकेक ओळ आमच्या बोलीत सांगितली. बापाने मला पाणी दिलं. मग म्हणाला, तुझं बुडालं म्हणून तू आमचं बुडवायला आलीस. मुलीने सूप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला माहीत आहे. कुणीतरी डोळे मिटून तिला ऐकलं होतं.

तिने सही केली. तिचा पहिला अल्बम आला. चेहरा सुरतेच्याच मुलीचा आहे, नाव 'रिया'च आहे. लोकांना आवाज बदललेला कळलासुद्धा नाही.

मला कुणाकडून आता काही मिळेल, असं वाटत नाही. कागद बदलणार नाही. मोबाईलमधला चेहरा बदलणार नाही. माझा गळा या तिखटात आणखी दोन हंगाम टिकेल की नाही, सांगता येत नाही.

पण एवढं नक्की. पडद्यामागे मी पुन्हा उभी राहणार नाही. नाव आणि तोंड सोडून नुसता आवाज मागायला जो येईल, त्याला तो मिळणार नाही. गळ्यातच जळाला तर जळू दे. आणि शेठ डोंगरात तिसरी मुलगी शोधेल, चौथी शोधेल. प्रत्येकीच्या दारात मी कागद घेऊन जाणार. बाप हाकलतील. मुली सही करतील. तरी सही करण्याआधी तिला मी माझं नाव सांगणार, आणि ते गाणं माझ्या बोलीत, फाटक्या गळ्याने, तिच्या तोंडासमोर उभी राहून म्हणून दाखवणार. मग तिने काय करायचं ते करावं. मला माहीत नव्हतं, असं तिला म्हणता येणार नाही.