उचापतीच्या मनगटावरचा दोरा

पेंटरकाकांनी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं, आणि त्यातली एक सवय त्यांच्या हाताला गोचिडीसारखी चिकटली. डब्यात उरलेला रंग ते कधी टाकून द्यायचे नाहीत. शिंप्याच्या पाटीचा निळा उरला की तो खाटकाच्या अक्षरांच्या सावलीत जायचा. खाटकाचा लाल उरला की दवाखान्याच्या पाटीला खालून एक बारीक रेघ मिळायची. त्यांच्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या म्हणूनच एकमेकींच्या चुलतबहिणी दिसायच्या. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. पाटी वाचून माणूस आत जातो, तिचं तोंड निरखत कोण बसतो?

पुढे छापील पाट्या आल्या आणि काकांचे ब्रश खिळ्याला लटकले. घरात बसलेला गडी म्हणजे पायात घोटाळणारं मांजर. काकी झाडू घेऊन आल्या की ते खुर्चीवर पाय घ्यायचे, फडकं घेऊन आल्या की खुर्चीच सोडायचे. शेवटी लेकीनं बापाला संगणकासमोर बसवलं, हातात ती चित्र काढायची पेन्सिल दिली आणि एका चित्रकारबाईंकडे काम मिळवून दिलं.

बाई इंटरनेटवर एक चित्रकथा चालवायच्या. दर आठवड्याला एक पान. रेघा बाईंच्या, रंग काकांचे. कुठं कोणता रंग भरायचा ते बाई कडेला लिहून द्यायच्या आणि त्यात उन्नीस-बीस त्यांना खपायचं नाही. आधीच्या रंगाऱ्याला त्यांनी एका चुकलेल्या पागोट्यापायी घरी पाठवलं होतं. काका म्हणूनच जपून होते. हे काम गेलं तर पुन्हा ती खुर्ची आणि ते फडकं.

कथा एका तळ्याकाठच्या गावाची. तळं एवढं मोठं की त्याचा पलीकडचा काठ कुणी पाहिला नव्हता. गावाला एक देव होता, पण धड देव नव्हे. लोकांच्या चपला अदलाबदल करायचा, मिठाच्या बरणीत साखर भरायचा, नवरदेवाला झाडावर नेऊन बसवायचा. वाचकांनी त्याचं नाव उचापती ठेवलं होतं. गावही हसून सोडून द्यायचं. पण एका पहाटे त्यानं होडीवालीच्या होडीचा पिवळा दोर सोडला. ती आत झोपलेली. होडी धुक्यात गेली ती गेलीच. त्यानं असं का केलं, हे चित्रकारबाईंनी सांगितलं नव्हतं, आणि वाचक त्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होते.

घोळ झाला तो त्यानंतरच्या पानावर. उचापती बाजारातल्या छपरावर बसलाय आणि त्याच्या मनगटाला एक दोरा आहे. बाईंनी कडेला लिहिलं होतं, ‘दोरा काळा’. काकांनी नुकताच मागच्या पानावरचा होडीचा दोर रंगवून संपवला होता, पिवळा अजून पेन्सिलीत होता. संगणकात डबा नसतो, काही उरत नाही, वाया जात नाही. पण हाताला ते कोण सांगणार? हातानं आपला उरलेला पिवळा त्या मनगटावर फिरवला आणि पान पाठवून दिलं. बाई तापानं फणफणल्या होत्या. त्यांनीही न बघता ते इंटरनेटवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता काकांनी पानाखालची वाचकांची चर्चा उघडली आणि कप बशीत ठेवायचा राहून गेला.

‘तिरपा डोळा’ नावाच्या एकानं मनगट मोठं करून दाखवलं होतं. खाली लिहिलं होतं, “हा होडीचाच दोर आहे. रंग ताडून बघा. यानं तुकडा जपून ठेवलाय.”

“चोरानं निशाणी ठेवली, त्यात काय नवल,” एकानं लिहिलं.

“मनगटावर? चोर चोरीचा माल असा मिरवतो होय?”

“पश्चात्ताप झालाय त्याला.”

“उचापतीला? त्याला साधी शिंक आली तरी दुसऱ्याच्या नाकातून येते.”

मग ‘मिशीवाली आजी’ अवतरली. तिनं लिहिलं, “तुकडा कशावरून म्हणता? दुसरं टोक दिसतंय का कुणाला? होडी वाहून गेलेलीच नाही. धुक्यात ती अजून याच्या मनगटाला बांधलेली आहे.”

यावर सगळे एकदम तुटून पडले.

 काकांनी बाईंनी कडेला लिहिलेलं उघडून पाहिलं. काळा. स्वच्छ काळा. त्यांनी लेकीकडून एक खोटं नाव घेतलं आणि चर्चेत हळूच लिहिलं, “रंग चुकून लागला असेल.”

“नवीन दिसताय,” तिरप्या डोळ्यानं उत्तर दिलं. “या कथेत चुकून काही होत नसतं.”

“असल्यांना चित्र बघायची अक्कल नसते,” आजीनं शेरा मारला.

काकी भाजी निवडत होत्या. “कोण शिव्या देतंय?” काकांचं तोंड बघून त्यांनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. काकी म्हणाल्या, “मग बाईंना सांगून टाका.”

“काढून टाकतील.”

“दुसऱ्या कुणाकडून कळलं तर काय पेढे वाटतील?”

काकांनी फोन लावला. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “काका, पुढची पानं माझी काढून तयार आहेत. गाव त्याला विचारतं, दोर का सोडलास? तो म्हणतो, गंमत म्हणून. आणि तुम्ही त्याच्या मनगटाला तिची आठवण बांधून ठेवलीत.”

“चूक झाली, बाई.”

“दोरा काळा करा. आत्ता. तुमचं काय करायचं ते मी मागून बघते.”

काकांनी दोरा काळा केला. जुनं पान गेलं, नवं आलं. चर्चेत जरा शांतता झाली. आता मिटलं, असं काकांना वाटलं, तेवढ्यात तिरपा डोळा उगवला. “पाहिलंत? दोरा काळा झालाय. उचापतीनं डांबरात बुडवला. आपण ओळखलं हे त्याला कळलंय.”

“म्हणजे तो आपल्यापासून लपवतोय!”

“लपवायला आत काहीतरी असावं लागतं. गंमत कोण लपवतं?”

त्या शेवटच्या वाक्यापाशी काका थबकले. खरंच, गंमत कोण लपवतं? स्वतःच्या हातानं केलेला घोळ त्यांना ठाऊक होता, दोऱ्यात काही नाही हे या सगळ्या लोकांत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, तरी त्यांना वाटलं, का बरं सोडला असेल यानं तो दोर?

दुपारी बाईंचाच फोन आला. आवाज बसलेला होता. “वाचलंत?”

“वाचलं.”

“तयार पानं मी पुन्हा उघडून बघितली. ‘गंमत म्हणून’ हे मलाच आता पचेना. पोकळ वाटतंय. तुमच्यावरचा राग गेलेला नाही हां माझा.”

“मग मी उद्यापासून काम करू की...”

“आधी मला कारण सापडू दे. ते सापडलं नाही तर कथाच बंद होईल. मग तुम्हाला काढायचेही कष्ट नकोत.”

फोन ठेवून काका काकींसमोर येऊन बसले. भाजी निवडून झाली होती, काकी देठं गोळा करत होत्या. काकांनी त्यांना पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. तळं, धुकं, झोपलेली होडीवाली. कार्टून म्हणून आजवर नाक मुरडणाऱ्या काकी या खेपेला मध्ये बोलल्या नाहीत.

“तिचं घरी कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“सासू, नवरा, तीन दीर. सगळे तिच्या कमाईवर. ती दिवसभर लोकांना काठाकाठानं या धक्क्यावरून त्या धक्क्यावर न्यायची, आणि रात्री होडीतच झोपायची.”

“घरात का नाही झोपायची?”

“ते बाईंनी नुसतं काढलंय. का ते नाही लिहिलं.”

काकींनी देठं बाजूला सारली. “अहो, जिचा जन्म पाण्यावर गेला तिला पोहता येत असणार. होडी सुटल्यावर तिला जाग आली असणार. मग ती उडी टाकून परत का आली नाही? एवढ्या शहाण्या लोकांत कुणी तिला विचारलंच नाही. सगळे आपले त्या देवाच्या मागे.”

काका पुढे सरकून बसले.

“तिनंच सांगितलं असेल त्याला,” काकी म्हणाल्या. “की मी झोपले की सोड. आणि नाव तुझं येऊ दे. तुझं काय, तू बदनामच आहेस.”

काकांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.  

मग बाई म्हणाल्या, “काकींना फोन द्या. आणि तोवर तुम्ही संगणक लावा.”