हेमचंद्रकाकांचा जनरेटर

वादळाने अमेरिकेत, रेडमंडमधल्या आमच्या गल्लीतली वीज नेली, त्याचा दुसरा दिवस उजाडला होता. मी लायटरने गॅस पेटवून चहा ठेवला, तेवढ्यात दार वाजलं. दोन घरं सोडून राहणारे हेमचंद्रकाका. मफलर, कानटोपी, चेहरा उतरलेला.

"अदिती, क्रोसिन आहे का गं? डोकं फुटतंय. मळमळतंयही."

"आत या आधी. घर गारठलंय का?"

"छे! इंजिनियरचं घर आहे ते. पहाटेच घर तापवायचा फर्नेस जनरेटरवर घेतला. गॅस आहेच, पंख्याला काय ती वीज लागते." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "गंमत बघ, बाहेर चालत आलो तर जरा बरं वाटलं."

माझा हात थांबला. "काका, जनरेटर कुठे ठेवलाय?"

"गॅरेजमध्ये. पाऊस केवढा! शिवाय शेजारचं बाळ आवाजाने उठतं. शटर हातभर वर ठेवलंय की."

काका मूळचे नागपूरचे. पद्मिनीकाकू गेल्या, मुलगा सत्यजित कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. तो "इकडे या" म्हणतो, हे म्हणतात, "तिथे मी पाहुणा." चार बेडरूमचं घर एकट्यासाठी तापवतात. कुणाला त्रास नको म्हणून जनरेटरचा विषारी धूर त्यांनी स्वतःच्याच घरात कोंडून घेतला होता.

मी त्यांना परत जाऊ दिलं नाही. ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन केला. फायरवाल्यांनी जनरेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडून विषारी वायू मोजायचा मीटर घरभर फिरवला. काकांना ऑक्सिजन लावला, तपासलं. एकजण म्हणाला, "झोपेत असतात तर उठला नसतात. अलार्म कुठाय तुमचा?"

घर सुरक्षित म्हटल्यावर काकांनी स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडून दाखवला. धुराचा आणि विषारी वायूचा मिळून एकच अलार्म. फोडणी घातली की कोकलायचा, म्हणून काकूंनीच उतरवलेला. त्या गेल्यावरही तो तिथेच राहिला.

"आता कशाला कोकलतोय?" काका म्हणाले. "पोळ्या फ्रोझन आणतो. वरण नुसतं शिजवतो, मीठ टाकतो, झालं."

जनरेटर मागच्या अंगणात, घरापासून लांब, आडोशाला गेला. अलार्मला नव्या बॅटऱ्या घालून मी तो भिंतीवर लावला. फर्नेसचा पंखा घरघरला, घर हळूहळू उबदार झालं. माझ्या घरी मुलं खोळंबली होती. मी जॅकेट चढवलं.

"अदिती," काका म्हणाले, "जायच्या आधी वरणाला फोडणी घालून देशील?"