शेऱ्याचा रकाना

माझे वडील जिवंत असताना कागदोपत्री मेले, आणि त्यांना मारणारा मीच होतो. आज हे हसत लिहितोय ते अंबरनाथच्या एका निवृत्त बाईंमुळे.

कारखान्यातल्या कामगारांच्या एका आरोग्य योजनेची सगळी माहिती मेनफ्रेम नावाच्या जुन्या, अवाढव्य कॉम्प्युटरवर होती. आता हॉस्पिटलांना ती मोबाइलवर हवी होती. मेनफ्रेमला हात लावायचा नाही, मधे छोट्या छोट्या सर्व्हिस, म्हणजे निरोप्याचं काम करणारे प्रोग्रॅम, बसवायच्या, असं ठरलं. हॉस्पिटलने नाव, जन्मतारीख आणि गाव दिलं की सर्व्हिस मेनफ्रेमकडून सभासदाची नोंद आणून देणार. बदलापूरला, सोनिवलीच्या घरी बसून मी ती लिहीत होतो. जुन्या नोंदी समजावून द्यायला योजनेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या या बाई होत्या. तरुणपणी त्यांनीच त्या टाइप केल्या होत्या.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात 'विहिरीजवळचा', 'पोस्टमनचा भाऊ' असलं काहीबाही.

"मॅडम, हा कचरा कशाला ठेवायचा?" मी विचारलं.

"असू दे रे. खेड्यात एका नावाचे चार निघतात. आणि शाळेत घालताना गुरुजी सगळ्यांचीच तारीख एक जून लावायचे."

मी मान डोलावली आणि रकाना गाळून टाकला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी तेवढा शहाणा नव्हतो. वर नियम केला, की दोन नोंदी सारख्या दिसल्या तर एकच माणूस दोनदा भरला गेलाय असं समजायचं आणि ताजी नोंद तेवढी दाखवायची.

सर्व्हिस सुरू झाली आणि महिनाभरात वडिलांच्या छातीत दुखू लागलं. कारखान्यात राबलेले वडीलही याच योजनेचे सभासद. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, योजनेची मंजुरी आली की उद्याच अँजिओप्लास्टी करू. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन बघितली.

"अंकल, सिस्टम में तो आप एक्सपायर दिखा रहे हो."

"आरं, मी जिता हाय ना तुझ्यापुढं!" वडील ओरडले.

घोळ कुठे झाला ते माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्या जांभूळ गावात वडिलांच्याच नावाचा त्यांचा एक चुलतभाऊ होता. तोही योजनेत, तोही त्याच सालच्या एक जूनचा. तो आदल्या वर्षी वारला होता, म्हणून त्याचीच नोंद ताजी, आणि माझ्या नियमाने दोघांचा एक केला होता.

मी बाईंना फोन केला. रकाना गाळल्याचं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत.

"आधी सांग, गावात वडिलांना काय म्हणतात?"

मी वडिलांना विचारलं.

"आंब्याखालचा," ते म्हणाले.

बाईंनी मेनफ्रेमवर तो शेरा शोधला, वडिलांची खरी नोंद काढली आणि योजनेच्या ऑफिसात स्वतः जाऊन बसल्या. दुपारी मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. त्याच आठवड्यात मी माझा नियम काढला आणि शेऱ्याचा रकाना सर्व्हिसमध्ये परत घातला.

वडील हिंडूफिरू लागल्यावर त्यांना घेऊन मी अंबरनाथला गेलो. त्यांच्या हातात तांदळाच्या भाकऱ्यांचं फडकं होतं. बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून बाईंचा आवाज आला.

मी तोंड उघडायच्या आत वडील पुढे झाले.

"बाई, मी आंब्याखालचा. जिता हाय."