दार उघडे ठेवणेबाबत

विषय : कु. सुनंदा हिच्या एमबीए प्रवेशाबाबत.
संदर्भ : लातूरच्या कोचिंग क्लासमधल्या चहाच्या गप्पा.

जन्मभर कारकुनी केली, त्यामुळे गप्पाही विषय-संदर्भ टाकल्याशिवाय सुरू होत नाहीत. फायली निदान निकाली निघाल्यावर रेकॉर्ड रूमला जातात. किस्से कुठंच जात नाहीत, साचत राहतात. यातले बरेचसे हसण्यासारखे नाहीत, हे आधीच नमूद करतो.

*

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी पुनर्वसन शाखेत होतो. धक्के अधूनमधून चालूच होते. एरवी ऑफिसात भांडणं व्हायची ती पंख्याखालच्या टेबलासाठी. आता प्रत्येकाला दाराजवळचं टेबल हवं! शेवटी हेडक्लार्कनं ज्येष्ठता यादी काढली. सर्वांत ज्येष्ठ तो दारापाशी, सर्वांत कनिष्ठ तो मागच्या भिंतीपाशी.

टायपिस्ट बाई भिंतीपाशी होत्या. म्हणाल्या, "म्हणजे रिटायरमेंटला आलेले आधी वाचणार."

यादीवर सही झालेली होती. बदल झाला नाही.

*

पुढं गावांच्या नव्या वसाहती झाल्या. साहेबांबरोबर पाहणीला गेलो, तर एक बाई सिमेंटच्या नव्या घरापुढं पत्र्याचं शेड टाकून राहत होती. घरात सोयाबीनची पोती. साहेबांनी विचारलं, घरात खराबी काय आहे?

"घर लई चांगलं हाय साहेब," बाई म्हणाली. "पर उद्या पडलं तर सोयाबीन मरत न्हाई."

साहेबांनी शेरा मारला : लाभार्थी समाधानी.

बाईचा पदर धरून एक लहान मुलगी उभी होती. ती सुनंदा. बाप आणि थोरली बहीण आतल्या खोलीत झोपले होते, ते भूकंपात गेले. ही आईच्या कुशीत दारापाशी होती, म्हणून राहिली.

*

मी रिटायर होईपर्यंत लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. आमच्या शेजारच्या सरांचा एमबीए प्रवेशाचा क्लास होता. सरावाच्या खोट्या मुलाखती घ्यायला त्यांना कोणीतरी वयस्कर माणूस हवा होता. पांढरे केस आणि इस्त्रीचा शर्ट एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

सरांनी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. उणीव विचारली तर सांगायचं, "मी जरा जास्तच काम करतो." भोकरच्या एका उमेदवारानं सांगितलं, "सर, मी मधीच गप्प होतो."

सर म्हणाले, ही उणीव चालत नाही, दुसरी सांग.

तो गप्प झाला.

*

एका वर्षी सुनंदा आली. आईच्या तोंडवळ्यावरून आणि गावाच्या नावावरून ओळखली. नांदेडच्या एका कॉलेजात आदल्या वर्षी तिची मुलाखत झाली होती. शिपायानं बाहेरून दार ओढून घेतलं आणि नाव सांगितल्यावर तिच्या तोंडून पुढं काहीच निघालं नाही.

आमच्याकडंही एसी चालू, दार बंद. ती छताकडं बघत बसली.

"वर उत्तर लिहिलंय का?" सरांनी टोमणा मारला.

"न्हाई सर. भेग हाय का बघतेय."

सरांनी कागदावर 'कॉन्फिडन्स कमी' असं लिहिलं. ती गेल्यावर मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ते खोडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच दारात अर्धी वीट आणून ठेवली. हळूहळू फट कमी करत नेली. विटेच्या जागी जाडजूड गाईड आलं, गाईडच्या जागी तिची चप्पल. ती बोलायला लागली, आणि चांगलं बोलायला लागली. धंदाच का शिकायचाय, असं मी एकदा विचारलं.

"काका, आईनं घराचं गोदाम केलंय. मला खरंखुरं गोदाम काढायचंय. घर मोकळं झाल्यावर आई आत झोपती का, बघू."

सर म्हणायचे, चपलेएवढी फट म्हणजे दार बंदच समजा, आता तेवढी चप्पल काढायची राहिली.

तेवढी काही निघाली नाही.

*

नांदेडला पुन्हा मुलाखत लागली. आई पेरणीत अडकलेली, म्हणून सोबत मी गेलो. सुनंदा आत गेली, मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार पुरतं लागलंच नाही, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी म्हणालं, दार बघा जरा. शिपाई वाकला.

"साहेब, चप्पल अडकलीय कुणाची तरी."

"माझीच हाय सर. राहू द्या."

म्हणजे आमच्या सुनंदाबाई मुलाखतीला एका पायात चप्पल घालून बसल्या होत्या!

आतून कारण विचारलं गेलं. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. थोड्या वेळानं एक आवाज, जरा नरमाईनं, म्हणाला, "मॅनेजरला बंद खोलीत मीटिंग घ्यावी लागते. तेव्हा काय कराल?"

मी बाकावरून उठलो.

"सगळ्यांना दाराकडं बसवीन सर," सुनंदा म्हणाली. "भिंतीपाशी मी बसंन."

तिचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. चौकशी केली असता, निर्णय झाल्यावर कळवू, असं सांगण्यात आलं. अर्ज प्रलंबित आहे.